मास्क धरणारी

सोमवार, ४ तारीख
आलो एकदाचे! मी, बाबा, चार खोकी आणि बाबांचा ऑक्सिजनचा सिलिंडर. हॉस्पिटलच्याच आवारात दोन खोल्या मिळाल्यात, खिडकीतून माझी कामाची इमारत दिसते. बाबा म्हणाले, आता उशीर झाला तर बसचं निमित्त चालायचं नाही. दोन पावलांत दम लागतो, पण टोमणे मारायला हवा पुरते त्यांना. ही नोकरी मी त्यांच्यासाठीच धरलीय. त्यांची फुप्फुसं आखडत चाललीत आणि इथले मोठे डॉक्टर, म्हणजे आमचे सर, या आजारात पट्टीचे आहेत म्हणे. आज मी फार खूश आहे, उगाच कशाला लपवू?

बुधवार, ६
काम आवडलं. सर नाकातून बारीक दुर्बीण फुप्फुसात घालतात, आत बघतात, तपासायला तुकडा काढतात. पण आधीच धाप लागलेल्या माणसाच्या श्वासनळीत दुर्बीण गेली की उरलासुरला श्वासही कोंडतो. म्हणून नाकातोंडावर घट्ट मास्क, मास्कला मशीन, आणि मशीन प्रत्येक श्वासाला मागून हवेचा जोर देतं. मास्कला रबरी भोक असतं, दुर्बीण त्यातून आत जाते. कडेने हवा निसटू नये म्हणून कुणीतरी तो दोन्ही हातांनी दाबून धरायचा आणि पडद्यावरच्या ऑक्सिजनच्या आकड्याकडे डोळ्यांत तेल घालून बघत राहायचं. नव्वदच्या वर असला की सगळे निवांत. ते कुणीतरी म्हणजे मी.

सिस्टर हसत होत्या. म्हणाल्या, अगं, तू पेशंटबरोबर श्वास घेतेस. खरंच की! मशीनने हवा सोडली की माझीही छाती फुगते. सर म्हणाले, होतं तसं, बाळाला भरवताना आई नाही का स्वतःचंच तोंड उघडत.

सोमवार, ११
आज एक सुतारकाका होते. मास्क लावताना मला म्हणाले, पोरी, नीट बसव, आयुष्यभर दारं बसवलीत मी, फट राहिली की मला कळते. आकडा चौऱ्याण्णव. मधेच सरांनी काहीतरी विनोद केला, मला हसू आवरेना, आणि आकडा धाडकन पंच्याहत्तरवर. घाबरून माझा श्वासच अडकला, तर आकडा चढायला लागला. हुश्श म्हणून खोल श्वास घेतला, तर पुन्हा उतरला. मास्क जरासुद्धा हलला नव्हता, शप्पथ. काकांना तसंच आयसीयूत हलवलं.

योगायोग असेल. बाबांना सांगितलं तर म्हणाले, मग जरा कमी हसत जा.

बुधवार, १३
योगायोग नाही. आज दोन पेशंट होते, दोन्ही वेळा मुद्दाम करून पाहिलं. मी श्वास रोखला की त्यांचा आकडा वाढतो. मी घेतला की त्यांचा कमी होतो.

सुतारकाका सकाळी गेले. सिस्टर म्हणाल्या, त्यांची फुप्फुसं मुळातच गेली होती, तू मनाला लावून घेऊ नकोस.

शुक्रवार, १५
डोकं दुखतंय म्हणून थाप मारली, मास्क सिस्टरांच्या हातात दिला आणि खाली सटकले. म्हटलं, मी खोलीतच नको. मग राहवेना, जिना पळत चढून परत आले, धापा टाकत. आत एकच धावपळ. पेशंटचा आकडा नुकताच कोसळला होता, का ते कुणालाच कळेना.

मला कळलं. म्हणजे मास्कला हात लावायचीही गरज नाही.

सरांना सगळं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, दमलीयस, चार दिवस रजा घे.

सोमवार, १८
बाबांची धाप फार वाढलीय. सर म्हणतात, तुकडा काढल्याशिवाय कुठलं औषध लागू पडेल ते कळणार नाही. मी हातापाया पडले, नका करू म्हटलं. बाबा चिडले. याचसाठी आलो ना आपण, म्हणाले. वर सरांना सांगूनही टाकलं की मास्क माझी पोरगीच धरणार. पळून जावंसं वाटतंय. पण जाऊ कुठे, श्वास तर बरोबरच येणार.

मंगळवार, १९
तुकडा निघाला. मी जमेल तेवढा श्वास रोखला. डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मग — घ्यावाच लागला. मोठा. बाबांचा आकडा साठ. ओठ काळेनिळे —

मास्क आता काढताच येत नाही. सर म्हणतात, थोडा वेळ सलग नव्वदच्या वर टिकले तर काढू. नाहीतर —

बुधवार
आकडा ऐंशीच्या आसपासच. मी लांब जाऊन पाहिलं, पार गावाबाहेर. सिस्टरांना फोन केला. मी भरभर चालत होते तेव्हाच आकडा पडला होता. लांब जाऊन उपयोग नाही.

थोडा थोडा श्वास घेते. झोपले की भान राहायचं नाही, म्हणून झोपत नाही. रडताही येत नाही — हुंदका आला की संपलं.

गुरुवार
सर म्हणाले, आज संध्याकाळपर्यंत बघू. म्हणजे काय ते मला समजतं.

बाबांच्या पलंगाशी बसलेय, वही मांडीवर. ते जागे आहेत. मी हसले त्यांच्याकडे बघून, हवा न घेता. मला बाबा हवे आहेत. बस.

आता रोखते.

ब्याऐंशी.

पंच्याऐंशी. लिहीत राहिलं की बरं पडतं, विसरायला होतं —

एकोणनव्वद. छाती फुटतेय —

नव्वद. टिकू दे. टिकू दे — अक्षर नीट दिसत ना —

ब्याण्णव

बाबा माझ्याकडे बघतायत. माझ्या ओठांकडे. हात का उचलला — पट्टा का सोडवताय — बाबा नको, मास्क राहू दे, माझ्या तोंडाला कशाला ला