दादांची लकी सीट

अरे, बाल्कनीत बाळाच्या कारसीटचे पट्टे कापलेले दिसतील. मीच कापलेत, स्वयंपाकघरातल्या कात्रीने. दादांना फोन लावायच्या आधी हे वाच.

कव्हर धुवायचं होतं. ते कसं निघतं हे विचारायला वहिनींना फोन केला, तर बोलता बोलता म्हणाल्या, मागच्या वर्षी त्यांच्या गाडीवर मागून ट्रक आदळला तेव्हा त्यांचा लेक याच सीटमध्ये होता. "ओरखडासुद्धा आला नाही गं. म्हणून तर तुम्हाला दिली, लकी आहे." मायेनेच दिली त्यांनी, माझं काही म्हणणं नाही. पण एकदा असा दणका बसलेली सीट पुन्हा वापरायची नसते. आतून तडकली असली तरी वरून कळत नाही.

परवा बाळाला लस द्यायला गाडीतून न्यायचंय, म्हणून आजच नवी आणते. आपल्या गाडीत घट्ट बसते का हे दुकानातच बघायचंय, म्हणून गाडी नेतेय. बाळ आईंजवळ झोपलंय, दूध फ्रीजमध्ये आहे. तू जेवून घे.

तू म्हणशील, नुसती बाजूला ठेवायचीस, कापायची काय गरज होती. पण घर घेताना, बाळाचं नाव ठेवताना, दर वेळी "दादांना वाईट वाटेल" म्हणालास आणि तिथेच विषय संपला. रविवारी दादा आले असते आणि तू ती गुपचूप परत गाडीत बसवली असतीस.

आणि मी इतकी दमलेय, की मीही बसवू दिली असती.