तीस दिवसांचा तक्ता

३ फेब्रुवारी, सकाळी ११
आजपासून बाबांची केस माझ्या हातात. वकील नको. वकील म्हणजे तरी काय, कॉलेज पूर्ण केलेला माणूस. मी दुसऱ्या वर्षाला सोडलं ते प्राचार्यांशी तात्त्विक मतभेद झाले म्हणून. (त्यांच्या केबिनची काच आधीपासूनच तडकलेली होती.)

केस सोपी आहे. बाबांनी फौजेत एकोणीस वर्षं गोदामात कीटकनाशकं फवारली. त्यातून प्रोस्टेटचा कॅन्सर. हे फौजेला मान्य. शंभर टक्के अपंगत्व धरून पेन्शन सुरू झालं. ऑपरेशननंतर मेडिकल बोर्डाने पुन्हा बोलावलं आणि विचारलं, आता त्रास काय? बाबा सावधानमध्ये उभे राहिले आणि म्हणाले, काही नाही सर, एकदम ठीक. लघवीवर ताबा नाही, दिवसभर पॅड लावून असतात, पण समोर साहेब दिसला की एकदम ठीक! शंभराचे दहा टक्के झाले. दहा टक्क्यांच्या पैशांत कॅन्सरचं दर तीन महिन्यांचं इंजेक्शन बसत नाही. मागच्या वेळचं चुकलंच.

४ फेब्रुवारी
अपील ऑफिस. तिथे मिशीकाका भेटले. बाबांचे फौजेतले दोस्त, आता बाकावर बसून लोकांचे फॉर्म भरून देतात. मी माझे मुद्दे सांगायला लागलो तर म्हणाले, भाषण घरी ठेव राजे, तक्ता आण. तीस दिवस, रोज किती वेळा पॅड बदलला ते. चारच्या वर गेलं तर साठ टक्के. आणि रोजचं रोज लिही, एका बैठकीत लिहिलेलं त्यांना वासावरून कळतं.

पोच देणाऱ्या काउंटरवर ती. शिक्का मारण्याआधी त्यावर फुंकर घालते. तिने नाव विचारलं. मी माझं सांगितलं. ती म्हणाली, तुमचं नाही, पेन्शनरचं. आणि हसली. आता हे उगाच कोणी हसतं का?

५ फेब्रुवारी
तक्ता आखला. लाल रेघा, दोन्हीकडे मार्जिन. देखणा झालाय. बाबांची सही खाली आधीच घेऊन ठेवली, मागाहून कटकट नको. मग विचारलं, दिवसातून किती वेळा? म्हणाले, तुला काय करायचंय? अपील आहे म्हटलं. म्हणाले, पाय मोडला तेव्हा मी चालत दवाखान्यात गेलो होतो, आणि आता पोराला हे सांगत बसू? पेपर उघडून तोंडासमोर धरला.

आईला विचारलं. ती भांडी विसळता विसळता म्हणाली, सहा, कधी सात. तू घरात असतोस कुठे? पिशवी बांधून टाकते मी. रोज संध्याकाळी विचार, सांगत जाईन.

ठरलं. रोज संध्याकाळी सात वाजता आईला विचारणे. मोबाइलवर अलार्म लावला.

९ फेब्रुवारी
चार दिवसांचं लिहायचं राहिलं. अलार्म वाजतो तेव्हा मी नेमका बसस्टॉपवर असतो. काउंटरवरची ती सात-दहाच्या बसने जाते, त्याला मी काय करू? तक्ता मागाहूनही भरता येईल. आईला सगळं पाठ असतं.

१६ फेब्रुवारी
काउंटरवर जाऊन विचारलं, अपील दिल्यावर तारीख किती दिवसांत लागते? (चौथ्यांदा.) ती म्हणाली, तुम्हाला लिहूनच देऊ का? आणि दिलं! तिच्या हस्ताक्षरात! ‘४५ दिवस.’ पाकिटात ठेवलंय.

१८ फेब्रुवारी
घरात कडाक्याचं भांडण. बाबा म्हणाले, कॉलेज सोडलंस, आता तक्ता पण सोडलास का? मी म्हणालो, माझ्या पद्धतीने चाललंय. ते म्हणाले, तुझी पद्धत दोन वर्षं बघतोय. मी दार आपटून निघालो, मित्राच्या खोलीवर आलो. माफी मागितल्याशिवाय घरात पाऊल टाकणार नाही. (त्यांनी मागायची.)

२० फेब्रुवारी
आईचे अकरा मिस्ड कॉल. उचलले नाहीत. स्वाभिमान म्हणून काही चीज असते.

२२ फेब्रुवारी
घरी आलो. मित्राकडे एकच टॉवेल आहे.

बाबांना १९ ते २१ दवाखान्यात ठेवलं होतं म्हणे. इन्फेक्शन. लघवीसाठी नळी घातली होती. मला कोणी सांगितलं नाही, असं म्हणालो. आईने ताट वाढलं आणि ती आत गेली. बाबांचा चेहरा अर्धा झालाय.

उद्यापासून सगळं बदलणार. पाचला उठणे. तक्ता. बाबांना फिरायला नेणे. तिला स्पष्ट विचारणे.

२३ फेब्रुवारी, सकाळी १०.३०
उठलो नाही. काल फार मनस्ताप झाला होता.

७ मार्च, दुपारी १२.४०
आज अपील द्यायची शेवटची तारीख. तक्ता कोरा. ऑफिसात बसूनच भरला. पेन नव्हतं, तिने दिलं. तिचं पेन! तीस दिवस वीस मिनिटांत उरकले. आई सहा-सात म्हणते, पण तो आकडा फुगवलेला वाटला असता. मी संयमाने पाच, पाच, सहा, पाच असं लिहिलं. अधूनमधून एखादा चार, नैसर्गिक दिसावं म्हणून. मिशीकाका रजेवर होते ते बरंच झालं, त्यांना खोट काढायची सवयच आहे.

ती म्हणाली, अक्षर चांगलंय हो तुमचं. फुंकर. शिक्का.

२ एप्रिल
सुनावणी २१ तारखेला. भाषण तयार आहे. बेचाळीस मिनिटं. आरशासमोर म्हटलं तेव्हा माझेच डोळे भरून आले. आई म्हणाली, हळू बोल, त्यांचा आत्ता कुठे डोळा लागलाय. डॉक्टर म्हणतात, रक्तातला कॅन्सरचा आकडा चढतोय, इंजेक्शन आणखी लांबवू नका. लांबवतो कशाला? जिंकलो की दुसऱ्या दिवशी.

तिला म्हटलं, सुनावणीला या. ती म्हणाली, मी रोजच इथे असते. म्हणजे होच.

२१ एप्रिल
वेळ साडेदहाची. नंबर लागला पावणेदोनला. तोवर बाबा बाकावर ताठ. बाथरूमला जाऊन या म्हणून मी दोनदा सांगितलं. म्हणाले, नाव पुकारलं आणि मी जागेवर नसलो तर?

आत टेबलामागे तिघे. मधल्या बाईंनी तक्ता उजेडात धरला. म्हणाल्या, तीस दिवस, एकच शाई, एकच दाब. बरं, ते सोडू. एकोणीस ते एकवीस फेब्रुवारी तुम्ही दवाखान्यात होतात, नळी लावलेली होती. इथे पाच, सहा, पाच. नळी असताना पॅड कसले बदललेत? हे लिहिलंय कोणी?

मी उठणार होतो. खुर्ची भिंतीला अडकली होती.

नाही. खुर्ची अडकली नव्हती.

बाबा उठले. सावधान. म्हणाले, मी सांगितलं तसं पोराने लिहिलं, मॅडम. चूक माझी आहे.

बाई म्हणाल्या, फौजेतल्या माणसाकडून ही अपेक्षा नव्हती. बाबा म्हणाले, होय मॅडम. अपील फेटाळलं. दहा टक्के कायम. खोटा पुरावा दिला म्हणून दोन वर्षं नवा अर्ज करता येणार नाही.

बाबांची पॅन्ट तोवर गुडघ्यापर्यंत भिजली होती. खुर्चीवरही ओल. तिघांच्या नजरा कागदावर. एकाने जरी मान वर केली असती, तर तक्त्याची गरजच नव्हती. मी तोंड उघडलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मिटलं.

बाहेर येताना त्यांनी फाईल पुढे धरली. मागे धरायला काही नव्हतं. हळूच म्हणाले, माझ्या मागून चाल. जरा जवळून.

कॉरिडॉर लांबलचक. काउंटरवरून तिने विचारलं, काय झालं हो? मी थांबलो नाही. त्यांच्या पाठीला लागून, पावलावर पाऊल टाकत, गेटपर्यंत गेलो.

कोणाला काही दिसलं नाही.