आमच्यातले बुडालेले

मुलुंड, ९ जानेवारी २०२५

ती. प्रेमाआत्यास, गंधालीचा सा. न.

फोनवर तुला धड ऐकू येत नाही आणि स्पीकरवर तुझ्या स्वरदाने ऐकायला नको, म्हणून लिहितेय. सुयोगदादा बॅडमिंटन खेळताना कोसळला. आता नर्सशी भांडतोय, म्हणजे ठीकच. पण डॉक्टरीणबाईंनी मला बसवून आपल्या घराण्याचा नकाशा काढला. पुरुष चौकोन, बाई गोल, गेलेल्यांवर फुली. नंदूकाका सव्विसाव्या वर्षी मढच्या समुद्रात बुडाला म्हटल्यावर त्यांचं पेन थांबलं. त्याला पोहता येत होतं का, असं विचारलं. बाबा नाहीत, तुलाच विचारणार ना?

तुझी माया दादाच्या वाट्याला थोडी जास्त येऊ दे.

गंधाली

बोरिवली, १४ जानेवारी

चि. गंधालीस अनेक आशीर्वाद.

सुयोगला म्हणावं, गप पडून राहा मेल्या. अगं, नंदू म्हणजे मासाच. त्या दिवशी समुद्र अगदी शांत. मित्रांना हसत हाक मारली आणि तसाच खाली गेला. आईने देवाला गाऱ्हाणं घातलं. त्याआधी आमची थोरली शकुताई. सासरच्या विहिरीवर पाणी शेंदताना आत गेली. जीव दिला म्हणाले सगळे. तेव्हापासून तिचं नाव घेत नाहीत.

तुझ्या त्या कागदावर आणखी फुल्या नकोत. स्वरदाचं लग्न ठरतंय. मुलाकडच्यांच्या कानावर गेलं तर वाट लागेल.

सांभाळून राहा, म्हातारीवर रुसू नका.

प्रेमाआत्या

मुलुंड, १८ जानेवारी

ती. आत्या, सा. न.

दादाचा रिपोर्ट आला. पळताना, पोहताना, जोर लावताना हृदयाची लय एकदम बिघडते. रक्तातून येतं हे. शकुआत्याने जीव दिला नसावा, असं डॉक्टर म्हणाल्या. मी तिथेच रडले गं. तुला काही त्रास नसला तरी हे असू शकतं, तुझ्या मुलांनाही. स्वरदाला फोन केला तर हसली, पुढच्या रविवारी, सव्वीसला, पोहण्याची शर्यत आहे म्हणाली. तू आई आहेस, तिला थांबव. ईसीजी काढा. देवव्रतलाही सांग. लग्न मोडलं तर दुसरं ठरेल.

रागाव, पण ऐक.

गंधाली

बोरिवली, ३० जानेवारी

चि. गंधालीस आशीर्वाद.

रविवारी पहाटे दाराला कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली. स्वरदा नाही नाही ते बोलली मला. मंगळवारी दोघींचा ईसीजी काढला. दोघींचाही बिघडलेला. गोळ्या सुरू झाल्या. मुलाकडच्यांना मीच सांगितलं, विचार करतो म्हणाले. स्वरदा माझ्याशी बोलत नाही, पण जेवायला समोर बसते. मला तेवढं पुरे.

देवव्रतला आज सकाळी कळवलं. मालवणात पर्यटकांना समुद्राखाली नेतो ना तो. आई, बुकिंग घेतलंय, आजची एवढी फेरी करतो आणि दुपारी फोन करतो, असं म्हणाला. आता दिवेलागण झाली. त्याचा फोन लागत नाही. स्वरदा उठून माझ्या शेजारी येऊन बसलीय. सारखा त्याचाच नंबर लावतेय.

असेल तेवढा लोभ आज आमच्याकडे वळव.

प्रेमाआत्या