खंय तरी

२२ सप्टेंबर १९६१, मालवण
इंग्रजी-मराठी कोशाच्या 'एस'च्या चिठ्ठ्या महिनाअखेर मुंबईला धाडायला हव्यात. आज 'समप्लेस'. क्रि.वि., अमेरिकन बोलीतला, अनौपचारिक. अर्थ: कुठेतरी. दोन मिनिटांचे काम.
दुपारी भटजी. दादा बोटीतून परक्या बंदरात उतरला तो परतलाच नाही, त्याला बारा वर्षे झाली. सर्वपित्रीच्या आत दर्भाचा पुतळा जाळून क्रिया उरका म्हणाले. वहिनी दाराआडून ऐकत होती. ते गेल्यावर कुंकू नव्याने लावून आली.

२६ सप्टें.
दादाच्या बोटीवरचा स्वयंपाकी पेद्रू नोकरी सोडून कायमचा घरी आलाय. आज भेटायला आला.
"पेद्रू, खरा सांग. ते जिते आसत?" वहिनी.
तो टोपी हातात फिरवत राहिला. मग बोटीवरच्या इंग्रजीत, "ही इज समप्लेस, बाये."
"भावजी, म्हणजे काय?"
मी चिठ्ठीवरचाच अर्थ सांगितला. खंय तरी आसत.
"मगे पुतळो कित्याक?"
भटजींना नको म्हणून निरोप.

२९ सप्टें.
पेद्रूकडे गेलो. विडीला काडेपेटी सापडेना. "समप्लेस." जुना कप्तान हल्ली कुठे? "समप्लेस." धाकटा भाऊ? तोही तिथेच. टीप हवी: सैल वापर, बोलणाऱ्याला जागा ठाऊक असतेच असे...
दादाचे विचारलेच शेवटी. विडी न पेटवताच खाली ठेवली त्याने.
"तिका दुसरा काय सांगू, तात्या? सकाळी बोट सुटली, तो नाय. माका तितक्याच ठावक."

१ ऑक्टो.
गठ्ठा काल टपालात. 'समप्लेस'ची ती एक चिठ्ठी मागे राहिली.
पेद्रूचे बोलणे वहिनीला सांगायचे ठरवून स्वयंपाकघरात गेलो. तांदूळ निवडत होती. तीच आधी बोलली.
"भावजी, गेले असतीत तर बारा वर्सां उपाशी आसत. जिते असतीत तर मी तेंका जाळू कशी?"
पाणी पिऊन बाहेर आलो.

९ ऑक्टो. सर्वपित्री
वहिनीने दोन पाने वाढली. एक अंगणात, कावळ्यासाठी.
"ह्या कोणाचा?"
"गेल्यांचा. नाव नाय घेतलंय."
दुसरे झाकून चुलीपाशी.
"आणि ह्या?"
"उशिरा येतले तेंचा."
कावळे माडावर बसून आहेत, खाली उतरत नाहीत. आम्ही दोघे अजून जेवलेलो नाही. ऊन कलले. वहिनी एकदा अंगणात जाऊन येते, एकदा चुलीपाशी.