अकरा-एक

वळ, भिवंडी
२ जानेवारी २०२५

चि. मृणाली हिस केसरीनाथकाकाचे अनेक आशीर्वाद.

तिकडे काझाला फोन लागत नाही म्हणून पत्र लिहायची वेळ आणलीस. फ्रिजातल्या बर्फाशिवाय दुसरा बर्फ न पाहिलेल्या पोरी आइस हॉकी खेळायला हिमाचलात गेल्यात, हे मी कोणाला सांगतही नाही. वर्षभर माझ्या गोदामात चाकाच्या बुटांवर धिंगाणा घातलात, कापडाचे गठ्ठे फाडलेत. आता एक कुरियरवाला गोदाम मागतोय. तुझी कमळाकाकी म्हणते, पोरीची हौस हाय, र्‍हाऊ द्या. जिंकणं तुम्हाला जमणार नाहीच. एक गोल करून दाखवा, गोदाम तुमचं. नाही झाला तर संघ गुंडाळायचा. हा माझा शब्द.

स्वेटर घाल. राग आहेच, लोभही असू दे.

तुझा काका

काझा
१६ जानेवारी

ती. काकांस मृणालीचा शि. सा. नमस्कार.

तुमचं तुसडं पत्र सगळ्या संघाला वाचून दाखवलं. काल लडाखच्या मुलींकडून आम्ही अकरा गोल खाल्ले. कारण तुमचेच गठ्ठे! गोदामात सुसाट जायचं आणि गठ्ठ्यावर आपटून थांबायचं, हीच सवय. थांबायला आम्ही शिकलोच नव्हतो. इथे गठ्ठे नाहीत, मैदानाच्या कडेने लाकडी फळ्या आहेत. आमची गोलरक्षक, शेलार गावची मेघाली, पहिल्याच मिनिटाला गोल सोडून पार फळीपर्यंत गेली. लोक पोट धरून हसले. मला रडू आलं.

शेवटी एकदा चकती माझ्याकडे आली आणि मी सुटले. त्यांच्या गोलरक्षकाला वाटलं, ही आता वळेल. मला वळता कुठे येतं? ती घाबरून बाजूला झाली. आधी चकती आत गेली, मागून मी. पंचांनी गोल दिला. काका, शब्द पाळा. गोदाम गेलं तर आम्ही खेळणार कुठे?

काकीला नमस्कार. तुमच्या रागाची सवय आहे, तो कमी करू नका.

तुमची मृणाली

वळ
२८ जानेवारी

चि. मृणालीस आशीर्वाद.

अकरा गोल खायला इतक्या लांब कशाला गेलात? शाळेतल्या पोरांनी इथेच घातले असते. आणि तुझा तो गोल म्हणजे निव्वळ अपघात. तरी शब्द दिला तो दिला. कुरियरवाल्याला नाही म्हणून सांगितलं. त्याने चारचौघांत कारण विचारलं. अकरा गोल खाल्लेल्या पोरींसाठी, असं सांगायला मला तोंड नव्हतं. म्हणून म्हटलं, आमच्या पोरी अकरा-एकने जिंकल्या.

ते आता गावभर झालंय. शेलारच्या सरपंच जानकीबाईंनी पंधरा फेब्रुवारीला सत्कार ठेवलाय, वाजवायला बँजो पार्टीही सांगितलीय. मुकाट यायचं, हार घालून घ्यायचे. आणि तो एक गोल कसा काय खाल्लात असं कोणी विचारलं, तर मेघालीने मान खाली घालायची.

नाक कापून घेतलेला,
तुझा काका