पहिली चव

आई, आज तुझ्यापुढे उभं राहायला मला तोंड नाही, म्हणून लिहायला बसले. तसं लिहून तरी काय उपयोग, तुला वाचता कुठे येत होतं! शाळेतून चिठ्ठी आली की तू पीठ मळता मळता म्हणायचीस, वाच गं. आणि बाईंनी माझी तक्रार केलेली ओळ तेवढी गाळून मी बाकीचं खणखणीत वाचायचे. तुला कळत असणार. तू कधी बोलली नाहीस.

डोकमर्डीतल्या आपल्या त्या दोन खोल्या आठवतात. पुढे पंगत, मागे तुझं स्वयंपाकघर. खानदेशातून सिल्वासाच्या कारखान्यांत आलेली माणसं पाळी सुटली की आपल्याकडे जेवायला यायची. मी नववीत असेन. नंदुरबारकडचा एक नवा फिटर ताटावर बसतो, पहिला घास घेतो आणि सगळ्यांदेखत म्हणतो, मावशी, आमटी म्हणजे नुसतं पाणी झालंय. मला मिरची झोंबावी तसं होतं. मी डाव हातात धरूनच त्याला सुनावते की नसेल आवडत तर दुसरी खानावळ बघा. तू मला आत नेलंस, डाव काढून घेतलास आणि हळूच म्हणालीस, "नावं ठेवतो तो उद्या जेवायला येणार असतो. ज्याला यायचं नसतं ना, तो गप गिळून जातो." दुसऱ्या दिवशी वाढायच्या आधी त्याला शेगडीपाशी बोलावून तू त्याच्या तळहातावर आमटी घातलीस. पुढे ती रीतच पडली. ज्यानं काल नावं ठेवली, त्याला आज पहिली चव. तू प्रत्येकाचं ऐकलंस असं मुळीच नाही. तिखट कमी करा म्हणणाऱ्यालाही चव दिलीस आणि तिखट होतं तेवढंच ठेवलंस. पण पंगतीतून कुणाला उठवलं नाहीस.

तो फिटर आता आमच्याच कारखान्यात आहे. सगळे त्याला भाऊ म्हणतात, आणि मला एचआरवाल्या मॅडम; तो एकटा ताई म्हणायचा. यंदा नवे साहेब आले. मशीन क्षणभरही थांबता कामा नये, हे त्यांचं व्हिजन. तसा फलकही दारात लावलाय. म्हणून सगळ्यांची एकत्र जेवणाची सुट्टी बंद, ज्यानं त्यानं पाळीपाळीनं मशीनपाशीच खायचं. लोकांचं मत घ्या, असं मला सांगितलं. मीटिंगमध्ये कुणी तोंड उघडेना. तेव्हा मी शहाणीनं तुझ्या पहिल्या चवीची गोष्ट सांगितली. म्हटलं, इथंही तशीच रीत आहे, मनातलं बोला, कुणाला काही होणार नाही. मग भाऊ बोलला, हे पटत नाही. आणि चेकिंगमधली एक बाई बोलली, सामरवरणीत भाड्याच्या खोलीत राहते, घरात कमावणारी एकटीच. म्हणाली, एकटीनं उभ्या उभ्या पोटात ढकलायचं, त्याला आम्ही जेवण म्हणत नाही साहेब.

त्यांचं बरोबर होतं की साहेबांचं, मला अजून सांगता येणार नाही. पण बोला म्हणून मीच सांगितलं होतं. साहेब म्हणाले, ज्यांचा व्हिजनवर विश्वास नाही त्यांना काढा. मी थोडं भांडले, अगदी थोडं. मग ते म्हणाले, निदान एकाला तरी, कुणाला ते तुम्ही ठरवा. ठरवणार नाही, असं म्हणता आलं असतं. रविवारभर घरात या खोलीतून त्या खोलीत फिरले आणि सोमवारी त्या बाईचं नाव दिलं.

कागद हातात घेऊन ती म्हणाली, "तुम्हीच बोला म्हणालात ना, मॅडम?" मी कॉम्प्युटरकडे बघत राहिले. संध्याकाळी भाऊ केबिनच्या दारात आला. मला वाटलं, आभार मानायला आला. काय माणूस मी, बघ! तो म्हणाला, "ताई, मावशीनं पंगतीत जुना-नवा कधी केला नाही." एवढंच बोलून गेला.

नोकरी त्यानं सोडली नाही, या वयात कुठे जाणार? मशीनपाशी उभा राहून डबा खातो. मी जवळून गेले तर मान वर करत नाही. परवा मुद्दाम विचारलं, भाऊ, काही अडचण? म्हणाला, काही नाही मॅडम, सगळं चांगलं आहे. इतक्या वर्षांत मला तो पहिल्यांदाच मॅडम म्हणाला. गप जेवतो आता तो, आई.

साहेबांना मी सांगितलं की भाऊ अनुभवी आहे, कामाचा आहे. घरी स्वतःला सांगितलं की तुझ्या पंगतीतला माणूस वाचवला. दोन्ही खोटं. भाऊला काढलं असतं तर त्यानं डोकमर्डीत चार माणसांत तुझं नाव घेऊन माझी शोभा केली असती. ती बाई तुला ओळखत नव्हती, म्हणून तिला काढणं सोपं गेलं.

हे कुठे पाठवायचं नाही, ते बरंच आहे. तू असतीस तर मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि तिला काढणं सोपं गेलं, ही ओळ तेवढी मी गाळली असती.