अकरा मिनिटांचा समुद्र

सीडर पार्क, टेक्सास
३ जून

तीर्थस्वरूप वसुधाताईस,

पुरुषोत्तमचा वाकून नमस्कार. (कंबर अजून वाकते, काळजी नसावी.) तुझा डावा गुडघा, प्रतापरावांचं कानातलं नवं यंत्र आणि तुमच्या पार्सिपनीच्या खिडकीतला कढीलिंब, तिघंही बरे असावेत. फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि या वेळी मला बरीच वाक्यं पुरी करायची आहेत.

ताजी बातमी अशी, की गॅल्व्हेस्टनला समुद्र आहे. आपल्या गिरिजाने आणि जावईबापूंनी, म्हणजे देवांगने, याला दुजोरा दिला आहे, आणि मालिनीने स्वतः त्यात पाय बुडवून खात्री करून घेतली आहे. मी घड्याळ बघत होतो, त्यामुळे किती वेळ तेही सांगू शकतो. अकरा मिनिटं.

आता मुळापासून सांगतो. मालिनी हर्णैची, हे तुला ठाऊक आहेच. लग्नाला यंदा चाळीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत आम्ही हर्णैला पंचवीस-तीस वेळा तरी गेलो असू, पण माहेरी समुद्र हा घरामागे असतो आणि घरामागे बायका फक्त कपडे वाळत घालायला जातात. चार दिवस राहायचं, आल्या-गेल्याला चहा करायचा आणि निघताना एसटीच्या खिडकीतून समुद्र बघायचा, हा तिचा क्रम. म्हणून या वेळी मुलीकडे सहा महिने राहायला आलो तेव्हा मी तिला शब्द दिला होता, की इथे एक अख्खी संध्याकाळ आपण दोघं समुद्रावर नुसते बसू. कोणाकडे जायचं नाही, कोणाला वाढायचं नाही. आणि त्याच दिवशी किनाऱ्यावरच्या हॉटेलात, दुसऱ्या कोणी तळलेला मासा, बसल्या जागी खायचा. दुसऱ्या दिवशी ती पायातल्या चपला बदलून वाळूत चालायच्या घेऊन आली, त्यावरून मी समजलो.

मेच्या शेवटी तीन दिवसांची सुट्टी आली. देवांगने ट्रिप आखायला घेतली. हा मुलगा कामाला वाघ आहे. त्याने कॉम्प्युटरवर एक तक्ता केला, त्यात सकाळ-दुपार-संध्याकाळ, प्रत्येक वेळचं हॉटेल, तिथे किती वेळ, गाडीत किती वेळ आणि 'बीच टाइम' अशा रांगा होत्या. बीच टाइम एकूण नऊ तास वीस मिनिटं. मालिनी शनिवारी आणि सोमवारी मासे खात नाही, तेव्हा माशाला रविवार दुपार एवढी एकच जागा होती. ती त्याने निळ्या रंगाने रंगवली आणि समुद्रासमोरच्या एका हॉटेलात टेबलही धरून ठेवलं. मी तो तक्ता बघून मनात म्हटलं, झालं, आता काय अडणार आहे.

मग देवांगने एक चूक केली. चूक अगदी साधी होती. त्याने महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर विचारलं, 'ऑस्टिन ते गॅल्व्हेस्टन रूटवर चांगली रेस्टॉरंट्स सजेस्ट करा.' अर्ध्या तासात तेवीस उत्तरं आली. त्यांत एकाही हॉटेलचं नाव नव्हतं. सगळ्यांनी आपापले पत्ते पाठवले होते.

"बाहेरचं कशाला खाताय, यार," हा त्यातला सगळ्यांत सौम्य मजकूर. देवांगने बऱ्याच जणांना हात जोडले, पण तीन घरं टाळणं शक्य नव्हतं. ला ग्रेंजच्या सीमाकाकू, कारण त्या गावात त्या एकट्याच मराठी आहेत. शुगर लँडची आश्लेषा, कारण ती गिरिजाची हॉस्टेलमधली रूममेट. आणि गॅल्व्हेस्टनच्या अलीकडचा अवधूत, कारण तो देवांगचा सीनियर. तिघांनाही देवांगने लिहिलं, 'काही करू नका, फक्त चहा.' हे वाचून मालिनी म्हणाली, "संपलं." मी म्हटलं, काय संपलं? म्हणाली, "फक्त चहा म्हणणाऱ्याला कोणी फक्त चहा दिलेला तुम्ही पाहिलाय का?"

सीमाकाकू निवृत्त डॉक्टर आहेत, नवरा गेल्यावरही त्याच गावात राहिल्या. शनिवारी सकाळी आम्ही पोचलो तेव्हा त्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसल्या होत्या, आणि किती वेळ बसल्या असतील हे विचारायचा मला धीर झाला नाही. वीस मिनिटांसाठी थांबलो होतो. थालीपीठ, लोणी, दडपे पोहे, वर शिरा, आणि मग त्यांनी गावातल्या आजवरच्या सगळ्या बाळंतपणांची हकिगत सांगायला घेतली. त्यांच्याकडे मराठी ऐकणारं माणूस मार्चनंतर आलं नव्हतं. अशा वेळी तक्त्याकडे कोण बघणार? गिरिजाने दोनदा घड्याळ बघितलं तर मालिनीने तिला डोळ्यांनी दटावलं. दोन तास दहा मिनिटं बसलो. निघताना काकूंनी स्टीलच्या डब्यात बारा थालीपिठं घातली. "वाटेत होतील." वाटेत, ताई, ला ग्रेंजचं प्रसिद्ध झेक बेकरीचं दुकान होतं, तक्त्यात हिरवा रंग. आम्ही ते काचेतून पाहिलं. मांडीवर गरम डबा असताना मालिनी हॉटेलात शिरू देत नाही. तिच्या मते तो अन्नाचा अपमान.

आश्लेषाकडे 'फक्त चहा' हा पावभाजी, गुलाबजाम आणि शेजारच्या दोन कुटुंबांसह झाला. तिथून निघताना दुसरा डबा मिळाला, त्यात बेसनाचे लाडू. गाडीत गिरिजाच्या सावनीने विचारलं, "इज देअर अनदर आंटी?" गिरिजा म्हणाली, "उद्या." नात दहा वर्षांची आहे, पण तिने जो नि:श्वास टाकला तो माझ्या वयाचा होता. गॅल्व्हेस्टनच्या हॉटेलवर पोचलो तेव्हा अंधार पडला होता. शनिवारचा बीच टाइम, शून्य.

रविवार उजाडला. निळा दिवस. टेबल दीड वाजताचं होतं. अवधूतकडे दहाला जायचं, साडेअकराला निघायचं, असं ठरलं. रिकाम्या हाताने जायचं नाही म्हणून मालिनीने आश्लेषाचे लाडू एका सुंदर कागदी खोक्यात मांडून बरोबर घेतले. अवधूतने एक लाडू तोंडात टाकला आणि डोळे मिटले. "काकू, काय सांगू, थेट माझ्या आईच्या हातची चव." मालिनी लाजली आणि (हे मी तुलाच सांगतोय) "जमतात थोडेफार," असं म्हणाली. अवधूतची बायको सलोनी मात्र लाडवांकडे निरखून बघत होती. तिने दुसरा लाडू हातात घेऊन उलटा केला, त्याच्या बुडाला लावलेली मनुका पाहिली आणि हळूच म्हणाली, "सासूबाई मनुका खाली लावतात. आम्ही पंधरा दिवसांपूर्वी आश्लेषाकडे दिले होते." मी प्रसंग सावरायला म्हटलं, लाडू प्रवासाला चांगला असतो. कोणी हसलं नाही.

आता अपराधी माणसाने जेवणाला नाही म्हणून चालत नाही. सलोनीने पाटवडीचा रस्सा केला होता, भात होता, मठ्ठा होता, आणि मालिनी सगळं दोनदा वाढून घेत होती, जणू लाडवांची भरपाई चालली आहे. दीड वाजता देवांगने अंगणात जाऊन टेबल कॅन्सल केलं. मी त्याच्या मागे गेलो होतो. फोनवरच्या बाईला तो इंग्रजीत सांगत होता, की फॅमिली इमर्जन्सी आहे. खोटं म्हणता येणार नाही.

दुपारी अवधूत आम्हाला गॅल्व्हेस्टन दाखवायला बरोबर आला. समुद्र त्याने गाडीतूनच दाखवला, कारण पार्किंग मिळत नव्हतं. ज्या हॉटेलात आमचं टेबल होतं, त्याच्याच पार्किंगमध्ये शेवटी जागा मिळाली, पण तोवर अंधार पडला होता. आम्ही तिथे गाडीत बसून सीमाकाकूंची थालीपिठं संपवली, कारण डबा त्यांना परत करायचा होता. हॉटेलच्या मागच्या दारातून तळलेल्या कोळंबीचा वास येत होता. मालिनीने काच खाली केली. तिने नाकाने एक लांब श्वास घेतला आणि काच पुन्हा वर केली. ताई, चाळीस वर्षांत मला इतकं वाईट वाटलेलं नाही.

म्हणून सोमवारी सकाळी मी तिला साडेसहाला उठवलं. इतरांना झोपू दिलं, आणि आम्ही दोघं समोरचा रस्ता ओलांडून वाळूत उतरलो. समुद्र मातकट होता. मालिनी म्हणाली, "हा आपल्याकडच्यासारखाच मळका आहे की." हे ती कौतुकाने म्हणाली. चपला हातात घेतल्या, साडी पोटऱ्यांपर्यंत वर धरली आणि पाण्यात उभी राहिली. पेलिकन पक्षी ओळीने जात होते, तिने त्यांना नावं ठेवायला सुरुवात केली, मोठ्या जाऊबाई पुढे, धाकटी मागे. मी मागे वाळूत बसलो होतो. कोणी काही मागत नव्हतं. अकरा मिनिटं असं चाललं.

मग धावायच्या बुटांत एक गृहस्थ आमच्यापाशी थांबले. कान टवकारून म्हणाले, "मराठी का?" रवी त्यांचं नाव, राहायला पेअरलंडला, आमच्या परतीच्या वाटेवर. बायकोला भेटवायचं आहे, चहाला याच. मी तोंड उघडलं, पण त्याआधी पाण्यातून उत्तर गेलं. "हो, येऊ की." मालिनीचं. साडी तशीच हातात, तोंडावर हसू. शिवाय पुढे तिनेच विचारलं, "काही आणायचं का येताना?" आणि ते गृहस्थ आनंदाने तिथेच उभे राहून आपल्या सांगलीच्या मावशीबद्दल सांगू लागले. पुढला वेळ समुद्रात धरायचा की सांगलीत, यावर मतभेद होऊ शकतात. मी सांगलीत धरला.

परतीच्या वाटेवर पेअरलंडचा चहा (इडली-सांबार, साबुदाणा वडा), मग आश्लेषाचा डबा परत, मग सीमाकाकूंचा. डबा रिकामा परत करायचा नसतो हे तुला मी काय सांगणार. तेव्हा रवीकडची इडली आश्लेषाच्या डब्यात आणि आश्लेषाने भरून दिलेल्या करंज्या काकूंच्या डब्यात, असं करत आम्ही टेक्सास पार केलं. मी शुगर लँडपर्यंत मालिनीशी बोललो नाही. तिथे तीच म्हणाली, "रागावलात?" मी म्हटलं, अगं तो समुद्र तुझा होता, आणि त्या गृहस्थांना 'हो' तूच म्हणालीस. यावर ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मला नाही म्हणता येत नाही, हे तुम्हाला चाळीस वर्षं ठाऊक आहे. मी हो म्हटलं की तुम्ही नाही म्हणायचं. सगळी कामं मीच करायची का?"

असो. प्रतापरावांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. भेटीत सविस्तर बोलूच, सोळा तारखेला तुमच्याकडे येतोच आहोत.

तुझा,
पुरुषोत्तम

ता. क. आमचं विमान सोळाला नेवार्कला उतरतं असं तुला सांगितलं होतं. ते चौदाला उतरतं. तिथून परस्पर ट्रेनने ॲस्बरी पार्कला जाऊन, किनाऱ्याजवळच्या हॉटेलात आम्ही दोन रात्री राहणार आहोत. हॉटेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मंडळाच्या तुमच्या ग्रुपवर कोणी विचारलं, तर आम्ही आलोय आणि विमानप्रवासाने झोपलोय, असं सांग. वरची चार पानं मी यासाठीच लिहिली, हे तू एव्हाना ओळखलं असशील. तुला नाही म्हणायला मला अडुसष्ट वर्षं लागली.

ता. क. २. मालिनीने हे वाचलं. म्हणते, मोठ्या बहिणीला असं कोणी लिहितं का, फाडा. मी फाडलेलं नाही. तिने पेन मागितलं आहे, दिलं आहे.

ताई, मी मालिनी. यांनी तिखटमीठ लावून लिहिलंय, लाडवांचं तर फारच. पण तारखा बरोबर आहेत. चौदा आणि पंधरा आम्ही कोणाकडेच नाही, तुमच्याकडेही नाही, हे मी लिहून बघतेय, बोलून जमलं नसतं. पंधराला रविवार आहे. सोळाला दुपारी ट्रेनने नेवार्कला पोचू. प्रतापरावांना घ्यायला पाठवा, पण आम्ही कुठून येतोय ते त्यांना सोळाच्या सकाळीच सांगा. आधी कळलं तर ते आदल्या दिवशीच समुद्रावर येऊन उभे राहतील, आणि मी त्यांना बसा म्हणेन.